मगदूमच्या छातीतली कळ

सुदर्शन मगदूमच्या छातीत दुखतंय हे कळल्यावर मला बरं वाटलं. फिजिओथेरपिस्टला असं वाटू नये. पण तो कोण हे कळल्यावर तुम्ही मला थोडी सूट द्याल.

चार वर्षांपूर्वी हा सुदर्शन माझ्या बायकोला बघायला गेला होता. तेव्हा ती माझी बायको नव्हती, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. कबड्डीपटू, सहा फूट, मांड्या अशा की पाहुण्यांच्या सोफ्यावर त्याच्या शेजारी त्याच्या वडिलांनाही नीट बसता आलं नसेल. ते जमलं नाही. सात महिन्यांनी मी गेलो. पाच फूट पाच इंच, मांड्या सांगण्यासारख्या नाहीत. ते जमलं. पहिलं का जमलं नाही हे मी त्रिशलाला कधी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल अशी भीती होती.

मिरजेत आमचं क्लिनिक आहे. मी अभिनंदन चौगुले, मान, पाठ आणि खांदा बघतो. त्रिशला इंजिनिअर आहे, ती मशीन बघते. माणसं माझी, यंत्रं तिची, अशी वाटणी आहे.

२०३८च्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सुदर्शन आला, तेव्हा आधी त्याची फाईल दारातून आत आली आणि मग तो. दीड महिन्यापूर्वी कुपवाडच्या सामन्यात तो बोनस घ्यायला गेला, तिघांनी साखळी करून धरला, अंग एकीकडे गेलं आणि डोकं दुसरीकडे राहिलं. मान आठ दिवसांत बरी वाटली. मग डाव्या छातीत कळा सुरू झाल्या. ईसीजी, इको, रक्ततपासणी, पट्ट्यावर पळवून घेतलेली चाचणी, सगळं स्वच्छ. हृदयाच्या डॉक्टरांनी शेवटी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'हृदय उत्तम. मान बघावी.'

"जिना चढलो तर काय होत नाही डॉक्टर," तो म्हणाला. "पण मोबाइलमध्ये खाली बघितलं की हितं आत कळ येती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सोडून मधल्या बोटाला मुंग्या."

"आणि हात डोक्यावर ठेवला की?"

"कमी येती. म्हणून तसाच झोपतो. आजी म्हणती, उठ बाबा, कोण गेलंय म्हणून डोक्याला हात लावून पडलायस?"

मला हसू आलं आणि त्याचा राग आला. विनोद हा आमच्या घरात माझा विभाग होता.

"घाई काय आहे?" मी विचारलं, कारण तो सारखा कॅलेंडरकडे बघत होता.

"शनिवारी पोलीस भरती. खेळाडूंच्या कोट्यातली. माझ्या वयाला हे शेवटचं वर्ष. शुक्रवारी पाचच्या आत तुमचा फिटनेसचा दाखला साइटवर चढवला नाही तर नाव कटतंय. मग मामाच्या फरशीच्या कारखान्यात आयुष्यभर फरश्या घासायच्या."

तेवढ्यात त्रिशला मशीनचा गळपट्टा घेऊन आत आली. सुदर्शन खुर्चीवरून उठला. "नमस्कार मॅडम," म्हणाला. मी वाट बघितली. 'वहिनी' आलं नाही.

आता थोडं शास्त्र. छातीचे मोठे स्नायू राहतात छातीत, पण त्यांचं वायरिंग येतं मानेतून. मानेच्या खालच्या मणक्यांमधून ज्या नसा बाहेर पडतात, त्या हाताला जातात तशा छातीच्या स्नायूंनाही जातात. मणक्यापाशी नस चेंगरली की बोंब मानेत व्हायला हवी. पण मेंदू हा गावातल्या जुन्या पोस्टमनसारखा आहे. पाकिटावर 'डावी बाजू, वरची गल्ली' एवढं वाचतो आणि पत्र छातीत टाकून मोकळा होतो. पेशंट हृदयाच्या डॉक्टरकडे पळतो. पळायलाच हवं, कारण दहांतल्या काही जणांचं पत्र खरंच हृदयाचं असतं.

पूर्वी हे ओळखायला हातांचा आणि पेशंटच्या शब्दांचा आधार होता. कळ, चमक, सणक, ठणका, रग, उसण. प्रत्येक घराचा शब्दकोश वेगळा. म्हणून 'सहवेदी' आलं. पेशंटच्या मानेला गळपट्टा आणि छातीला पट्ट्या लावायच्या. त्या नसांमधले आणि स्नायूंमधले बारीक प्रवाह टिपतात. थेरपिस्टने जाकीट घालायचं. पेशंटची वेदना ते जाकीट थेरपिस्टच्या अंगावर त्याच जागी उमटवतं, एक दशांश जोराने. पडद्यावर दोन रेषा दिसतात. निळी म्हणजे मानेतून आलेलं दुखणं. करडी म्हणजे मानेतून न आलेलं. करडी तीनच्या वर गेली की मशीन स्वतःच लिहितं, 'हृदयविकार वगळता येत नाही, श्रम बंद', आणि मला त्यात काही बदलता येत नाही. आठच्या वर गेली तर ते मला विचारतही नाही, थेट अँब्युलन्स बोलावतं.

जाकिटाला घालणाऱ्याचं शरीरही कळतं. ते वजा करायला रोज सकाळी त्रिशला मला दोन मिनिटं डोक्यात काहीही न आणता बसवते आणि शून्य घेते. मला ते सहज जमतं. कंपनीने त्याबद्दल मला कौतुकाचं पत्र पाठवलं होतं. कौतुक रिकाम्या डोक्याचं आहे हे मला नंतर कळलं.

सोमवारची तपासणी सरळ झाली. मी सुदर्शनची मान डावीकडे कलती करून वरून अलगद दाबली. त्याच्या छातीत कळ आली, माझ्याही आली. दोन्ही तळहातांत डोकं धरून मान हळूच लांबवली. त्याची कळ गेली, माझीही गेली. निळी सात, करडी शून्य. मी त्याला उताणा झोपवून व्यायाम शिकवला. हनुवटी आत घेऊन मानेने अगदी सावकाश 'हो' म्हणायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मानेतले आतले स्नायू जागे झाले की नसेला जागा मिळते. मग खांद्याची पाती मागे ओढायचे, मग हाताची नस सैल करायचे व्यायाम. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी अंगावर घेणं हा माझा धंदा आहे, तक्रार नाही. पण या माणसाची कळ माझ्या डाव्या छातीत राहायला येणं, ही जरा जास्तच सलगी होती.

मंगळवारी निळी चारवर आली आणि तिथेच बसली. बुधवारी सुदर्शन पालथा पडून, टेबलाच्या भोकातून फरशीकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, आजी म्हणती, ही उसण हाय. पायाळू माणसाचा पाय लागल्याशिवाय निघत नाही."

जो पोटातून पायांकडून बाहेर येतो तो पायाळू. त्याने पाय लावला की पाठीतली उसण पळते, असं आमच्याकडे मानतात.

"आता मिरजेत पायाळू कुठे शोधायचा?" मी म्हणालो.

"शोधायचं कशाला," टेबलाखालून आवाज आला. "मॅडम हायत की."

मी त्रिशलाकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. मला तिचा रक्तगट माहीत होता, चपलेचा नंबर माहीत होता, ती झोपेत कोणत्या कुशीवर वळते हे माहीत होतं. ती जगात कोणत्या बाजूने आली हे मला माहीत नव्हतं, आणि सुदर्शन मगदूमला माहीत होतं.

"तू पायाळू आहेस?"

"हो."

"कधी बोलली नाहीस."

"विषय निघाला नाही."

मी नकार दिला. शास्त्रीय कारणं मला एका मिनिटात सात सुचली. त्रिशलाने सातही ऐकून घेतली.

"एमआरआयमध्ये मणके पक्के आहेत," ती म्हणाली. "पाय मानेला लावायचा नाही, पाठीला टेकवायचाय. आणि तूच पेशंटना सांगतोस, बरं वाटणार अशी खात्री असली की मेंदू वरून खाली निरोप धाडतो आणि वेदनेचं दार ओढून घेतो. मग?"

स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या बाजूने साक्षीला उभं राहिलं की उलटतपासणी घेता येत नाही.

तिने चप्पल काढली आणि डावा पाय सुदर्शनच्या दोन पात्यांमध्ये टेकवला. जरा जोरातच, असं मला वाटलं. सुदर्शनने श्वास सोडला. आणि जाकिटातून ते माझ्याकडे आलं. छातीत आवळलेली गाठ कोणीतरी बोटाने सैल करावी तसं, आणि मग गारवा. माझ्या बायकोचा पाय दुसऱ्या माणसाच्या पाठीवर होता आणि गार मला वाटत होतं. इतकं चांगलं मला तिच्या सहवासात शेवटचं कधी वाटलं होतं, हे मी आठवायला लागलो आणि लगेच थांबलो.

निळी एकवर आली. दोन दिवस मी दोन्ही हातांनी जेवढं केलं तेवढं तिने एका मिनिटात एका पायाने केलं, तेही डाव्या.

गुरुवारी दाखल्याची अधिकृत चाचणी होती. सुदर्शन उताणा पडला. मी मान कलती केली, दाबली, निळी एक. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग तो छताकडे बघत म्हणाला, "मॅडमचा पाय हलका हाय ओ. आजीला सांगितलं तसं."

करडी रेष उठली. तीन, चार, पाच.

"दुखतंय?" मी विचारलं.

"नाही."

"छातीत काहीच नाही?"

"काहीच नाही. झोप येतीय."

मशीनने लिहिलं, 'हृदयविकार वगळता येत नाही. श्रम बंद.' त्रिशलाने तारा तपासल्या. तारा ठीक होत्या. सुदर्शनने तो पडदा दोनदा वाचला, शर्टाची बटणं लावली, एक चुकीच्या काजात गेलं, ते तसंच ठेवून तो निघाला.

माझ्या छातीत अजून आवळत होतं. जाकीट काढून ठेवलं होतं तरीही. मी मूर्ख नाही. ती छाती कोणाची, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी फक्त गप्प बसलो. मशीनने लिहिलंय, मी नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि ते मला लगेच पटलं. इतक्या लवकर पटणाऱ्या गोष्टीचा संशय यायला हवा होता.

शुक्रवारी अकरा वाजता बाहेरच्या बाकावर सुदर्शन बसलेला दिसला. फाईल परत न्यायला आला होता. भिंतीला डोकं टेकून, हनुवटी आत घेऊन, तो मानेने सावकाश 'हो' म्हणत होता. सहा, सात, आठ.

"आता कशाला करताय?" मी विचारलं.

"तुम्ही दिवसातून तीनदा सांगितलंय." नऊ. "दाखला गेला म्हणून मान टाकून देऊन कसं चालंल? वापरायचीय अजून. मामाकडं फरश्या घासायच्या म्हणजे खालीच बघायचं की दिवसभर." दहा.

मी आत जाऊन दार लोटलं.

"त्रिशला, कालची करडी माझी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे छाती माझी. तो पाय हलका म्हणाला तेव्हाची."

दुसऱ्या कोणी आधी 'का' विचारलं असतं. पण ती आधी इंजिनिअर आहे.

"पाच?"

"हो."

"एवढा?" तिच्या आवाजात थोडा आदर होता, असं मला अजूनही वाटतं. मग तिने खुर्ची पडद्याकडे ओढली. "छातीचे स्नायू आवळले असणार, श्वास धरला असणार. मी तुझं शून्य घेते ते तू निवांत असताना. तू असा असताना घेतलेलंच नाही. पुनर्चाचणी एकदाच मिळते. त्याआधी तुझं हे नुसतं वेगळं मोजायला लागेल, कालच्यापेक्षा वरपर्यंत, मग मशीनला ते ओळखून वजा करता येईल."

"म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे मला तुला जळवायला लागेल."

सुदर्शनला सांगणं भाग होतं. मी सांगितलं. आयुष्यात इतक्या कमी शब्दांत मी इतका लहान कधी झालो नव्हतो, आणि मुळातच मी पाच फूट पाच आहे.

त्याने विचार केला. "म्हणजे माझ्या छातीत तुमचं जळत होतं?"

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

"काल घरी जाऊन आईला हार्ट हाय म्हणून सांगितलं मी," तो म्हणाला. "ती बसली ती उठलीच नाही. चूल तशीच." एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

दुपारी चारला तिघं खोलीत. मी जाकीट घालून स्टुलावर. सुदर्शन टेबलावर, त्याचा गळपट्टा अजून बंद. त्रिशला पडद्यासमोर, पाठ माझ्याकडे.

"सुदर्शन उंच आहेत," ती म्हणाली.

"दोन," तिनेच वाचलं.

"बोलतातही मजेशीर."

"चार. कमी पडतंय."

"मी बाहेर जाऊ का?" सुदर्शन म्हणाला.

"तुम्ही गेलात तर उतरेल," ती म्हणाली. "पडून राहा."

 बाहेर रिक्षावाले भांडत होते. ती पडद्याकडेच बघत, तापमान सांगावं तशा आवाजात म्हणाली, "चार वर्षांपूर्वी मी यांना हो म्हटलं होतं."

त्यानंतर काही सेकंद खोलीत फक्त मशीन बोललं. नऊ. मग नऊ पूर्णांक चार. मग शांत बाईच्या आवाजात, 'अँब्युलन्स निघाली आहे.'

"थांबवता येत नाही," त्रिशला म्हणाली. तिची बोटं चालू होती. "सुदर्शन, गळपट्टा चालू करतेय. अभि, त्यांची मान धर. आत्ता, तू असाच आहेस तोवर."

मी धरली. ज्याला ती हो म्हणाली होती त्याचं डोकं माझ्या दोन तळहातांत होतं. मान पहिल्या दिवसाइतक्याच हलक्या हाताने कलती केली, दाबली, लांबवली. माझी छाती आतून पेटली होती आणि हात अगदी गार, बरोबर चालत होते. हातांना घरातलं काही माहीत नसतं. निळी एक. करडी शून्य. मशीनने माझं सगळं वजा केलं होतं.

पुनर्चाचणीचं कारण लिहायला पर्याय होते, 'ओलावा', 'सैल तार', 'इतर'. त्रिशलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "इतर." आणि पुढच्या चौकटीत स्वतः लिहिलं, 'थेरपिस्टचा मत्सर.' खाली सही केली. चार बावन्नला दाखला वर चढला.

चार त्रेपन्नला अँब्युलन्सवाले दोघे स्ट्रेचर घेऊन आत आले.

"पेशंट कोण?"

सुदर्शन टेबलावर होता, पण तो हसत होता. मी स्टुलावर होतो, पांढराफटक.

"मी," मी म्हणालो.

"काय होतंय?"

"जळतंय."

त्यातल्या एकाने जाकीट वर सरकवून ईसीजी काढला. तो स्वच्छ आला. त्याने माझ्या पोटावर बोटं दाबली. "दुपारी काय खाल्लं होतं?"

"दडपे पोहे."

"मिरची?"

"तिखटाचं नाही ओ," सुदर्शन टेबलावरून उतरत म्हणाला. "बातमी ऐकली त्यांनी."

अँब्युलन्सवाल्याने मला पित्ताचं गुलाबी औषध दोन झाकणं पाजलं, रात्री हलकं खा म्हणाला आणि वहीत 'आम्लपित्त' लिहून गेला. माझ्या मत्सराचं निदान एकाच दिवसात दोन यंत्रणांनी केलं आणि दोन्ही वेळा वेगळं आलं.

सुदर्शनने फाईल काखेत मारली. दारात थांबून माझा हात हातात घेतला, जरुरीपेक्षा थोडा जास्त दाबला. ते मी समजून घेतलं. मग म्हणाला, "येतो वहिनी." पाच दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं, हा शब्द ऐकला की आतून काहीतरी निवेल. निवलं नाही.

त्रिशला गळपट्टा पुसत होती.

"खरं होतं ते?" मी विचारलं. "का मोजण्यापुरतं?"

"खरं होतं."

"मग?"

"मग त्यांच्या आजींनी विचारलं, जन्म कसा झाला. मी खरं सांगितलं. पायाळूवर वीज पडते म्हणतात. पोरगं दिवसभर उघड्या मैदानात असतं, घरात वीज ओढणारी सून कशाला, असा निरोप आला."

"त्याच आजीने तुझ्याकडे..."

"त्याच आजीने. सून नको होती, पाय चालला."

ती पट्ट्या गुंडाळून डब्यात ठेवायला लागली. मी माझ्या घरच्यांचा विचार करत होतो. आमच्याकडून बघायला गेलेली मंडळी कमी चौकस नव्हती.

"आमच्याकडे कोणी विचारलं नाही, जन्म कसा झाला?"

"तुझ्या आत्याने विचारलं. स्वयंपाकघरात, चहा गाळताना. तू बाहेर बसून पोह्यातले दाणे वेचून खात होतास."

"मग तू काय सांगितलंस?"

तिने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, तिने परत उघडून परत लावलं.

"मी म्हणाले, डोक्याकडून."

त्यांच्याकडे ती खरं बोलली होती, माझ्यासाठी खोटं. मी जाकीट अजून काढलं नव्हतं. पडद्यावर करडी रेष शून्यावर सपाट पडली होती. त्याच्या खाली ती जाऊ शकत नाही, कंपनीने तशी सोय ठेवलेली नाही.

"काढ ते आता," त्रिशला म्हणाली. "बॅटरी उतरते."